चिंगीची मापं आधी घे

चि. ओंकार यास,

तुझा मेसेज आणि गाडीचं ड्रॉइंग मिळालं. मागचे पाय लुळे पडलेल्या होस्टेलच्या चिंगी कुत्रीसाठी दोन चाकांची गाडी करायची, हा विषय तुम्ही चौघांनी प्रोजेक्टला घेतलात याचा मला फार आनंद झाला. पण ड्रॉइंगमध्ये पाईप, बेअरिंग, चाकं सगळं मापासकट आहे आणि चिंगीचं एकही माप नाही. वजनसुद्धा नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तिला डॉक्टरकडे नेऊन एक्स-रे काढा. कण्याला मार बसलेली काही कुत्री सक्त विश्रांती आणि उपचारांनी पुन्हा उभी राहतात. त्यांना घाईने गाडी लावली तर नुकसान होतं. पंजा दाबल्यावर ती पाय आखडते, असं तू लिहिलंस. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. दाबल्यावर तिने वळून पाहिलं, कण्हली, चावायला आली, तर मेंदूपर्यंत वेदना पोचते असं समजायचं. ही परीक्षा डॉक्टरांनाच करू दे.

गाडीच लागणार असं ठरलं, तर मापं ती उभी असताना घ्या. एकाने पोटाखालून पंचा घालून मागची बाजू उचलून धरायची. जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, कमरेची आणि छातीची रुंदी. पाठ जमिनीला समांतर राहिली पाहिजे.

उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागचं ४० टक्के आता चाकांनी पेलायचं, खांद्यांनी नव्हे. चाकांचा अक्ष फार मागे गेला तर पट्टा खांद्यांवर दाबतो आणि ती थकून बसकण मारते; फार पुढे आला तर पुढचे पाय हलके होऊन गाडी मागे कलंडते. म्हणून अक्षासाठी एकच भोक पाडू नका, पुढेमागे सरकवता येईल अशी खाच ठेवा. तिला गाडीत घातल्यावर खांद्याजवळची दांडी दोन बोटांनी उचलून बघा. सहज उचलली गेली की तोल जमला. ही जागा कॅडवर नक्की सापडणार नाही, ती चिंगीच दाखवील. चाकं मात्र मोठी घ्या. छोटी टणक चाकं आपल्या रस्त्यांवर पहिल्याच खड्ड्यात अडकतात.

मला सर्वांत काळजी कातडीची वाटते. मागच्या भागाला संवेदना नसेल, तर पट्टा काचला तरी ती ओरडणार नाही, आणि जखम दिसेल तेव्हा ती खोल गेलेली असेल. जांघ आणि काखा रोज बघायच्या. लघवी-शीला जागा मोकळी सोडा. अशा कित्येक कुत्र्यांचं मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागतं, ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. पंजे घासू नयेत म्हणून ते झोळीत अडकवा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच गाडी, मग काढायची. गाडीत तिला आडवं होता येत नाही, हे विसरू नका.

१९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाय घडवला, तोही आधी वापरणाऱ्याकडे बघून. परदेशी धर्तीच्या पायाने उकिडवं बसता येत नसे, अनवाणी शेतात उतरता येत नसे. आपला माणूस दिवसभर कसा वावरतो हे पाहून त्यांनी रबराचा पाय केला. तुम्हीही चिंगीचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहून काढा. ती कुठे झोपते, खायला कुठे जाते, कोणत्या कुत्र्यांना भिते.

तो दिवस लिहिलात की पुढचा प्रश्न आपोआप समोर येईल. गाडी लावलेलं कुत्रं रस्त्यावर सोडता येत नाही. ते मोटारीखालून निसटू शकत नाही, भांडणातून पळू शकत नाही, दमलं तर पडू शकत नाही. व्हायवा झाला की तुम्ही चौघं घरी जाल. मग गाडी घालणार कोण, काढणार कोण, फाटलेला पट्टा शिवणार कोण? पहिला पाईप कापायच्या आधी तिला घरात ठेवून घेणारं माणूस शोधा. मेसच्या काकूंना तिचा लळा आहे असं तू म्हणतोस, तर त्यांच्याशी बोल, आणि मापं घेताना त्यांनाही बोलाव. त्यांना एकटीला ती गाडी चढवता-उतरवता आली पाहिजे, तेव्हा बकलं त्यांच्या हाताला जमतील अशी निवडा. माणूस मिळालंच नाही, तर प्राण्यांच्या निवाऱ्यात विचारू. तिथे मी बोलेन.

एक्स-रे आणि मापं पाठव. रात्री नऊनंतर माझा दवाखाना बंद असतो, तेव्हा फोन कर.

तुझी,
मावशी