गुणिले शंभर : परदेशातल्या खर्चाचा हिशोब कसा मांडावा?

फायनल इयर लागलं की आपल्या हॉस्टेलवर दोनच विषय चालतात. एक कॅम्पस आणि दुसरा "बाहेर जायचं का?" मेसच्या टेबलावर एकजण ठामपणे सांगतो, "जर्मनीत फी नाही रे, शिक्षण फुकट आहे." लगेच समोरचा म्हणतो, "कसलं फुकट? नुसते केस कापायला अडीच हजार लागतात!" गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांचाही हिशोब चुकलेला असतो.

माझा थोरला भाऊ २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एम.एस. करायला जर्मनीला गेला. त्यासाठी बाबांनी राहतं घर गहाण ठेवून कर्ज काढलं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसत्या गप्पांचा नाही. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता आणि दादा दुकानात प्रत्येक वस्तूची किंमत नव्वदने गुणायचा. दोन युरोचा फ्लॉवर म्हणजे एकशेऐंशी रुपये! ठेव परत. असं करत तीन महिने त्याने ब्रेड आणि नूडल्सवर काढले. आईला फोनवर सांगायचा, "जेवलो गं, वरणभात केला होता." डिसेंबरमध्ये चांगलाच आजारी पडला तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. म्हणजे एका चुकीच्या गुणाकाराने तब्येतीची वाट लागली. तेव्हा हा गुणाकार कुठे करायचा आणि कुठे नाही, ते आता बघू. सोयीसाठी एक युरो = १०० रुपये धरू.

हिशोब पहिला : बाजारभावाचा

जे पैसे रुपयांत उभे करून तिकडे न्यायचे, तिथे गुणिले शंभर करायचंच. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात. म्हणजे जवळजवळ बारा लाख रुपये. ही फी नव्हे, पैसे आपलेच असतात. तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो हातात मिळतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते हे खरं, पण सरसकट तसं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना एका सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. तेव्हा कॉलेज निवडताना राज्य कोणतं तेही बघा.

आता या बारा लाखांवर १० टक्के व्याज धरा. वर्षाचे एक लाख वीस हजार, महिन्याचे दहा हजार रुपये. पुढे तिथेच नोकरी लागली तर हे फक्त १०० युरो झाले. पण परत येऊन इथे चाळीस हजारांची नोकरी मिळाली तर पगाराचा चौथा हिस्सा नुसत्या व्याजात जाणार. कर्ज तेच, पण ते कुठल्या चलनात फेडणार यावर त्याचं ओझं ठरतं. शिवाय भावही एका जागी थांबत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये युरो ८० रुपयांच्या खाली होता, २०२५ मध्ये तो १०० च्या वर गेला. एकदम काठावर बजेट बसवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

हिशोब दुसरा : तासांचा

एकदा तिथे राहायला, कमवायला लागलं की रुपये विसरायचे आणि तास मोजायचे. १ जानेवारी २०२६ पासून जर्मनीत किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आपल्याकडे समजा ट्रेनी इंजिनिअरला २०,००० रुपये मिळतात. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साधारण ९६ रुपये पडले.

आता एक लिटर दूध घ्या. इथे ६० रुपये, म्हणजे ३७ मिनिटांचं काम. तिथे साधारण एक युरो, म्हणजे चार-पाच मिनिटांचं! पण केस कापायचे तर इथे १०० रुपये, म्हणजे तासभराची कमाई, आणि तिथे २५ युरो, म्हणजे पावणेदोन तासांपेक्षा जास्त. मग जर्मनी स्वस्त की महाग?

याचं उत्तर अर्थशास्त्रात आहे. १९६४ मध्ये बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोघांनी वेगवेगळे लेख लिहून हे स्पष्ट केलं. सोप्या भाषेत असं : न्हावी इथला असो की तिथला, डोकं एकच आणि वेळ वीस मिनिटंच. पण तिथल्या कारखान्यातला कामगार यंत्रांच्या जोरावर तासाला भरपूर उत्पादन काढतो, म्हणून त्याचा पगार जास्त. न्हाव्याला त्याच्या जवळपास पैसे दिले नाहीत तर तोही दुकान सोडून कारखान्यात जाईल. म्हणून ज्या कामात माणसाचा हात लागतो ते श्रीमंत देशात महाग. जे यंत्रावर बनतं आणि ट्रकमधून येतं ते त्या मानाने स्वस्त.

पर्चेसिंग पॉवर पॅरिटीचा पायाही हाच. जागतिक बँकेच्या तुलनेनुसार अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढं भारतात साधारण २० रुपयांत आणि जर्मनीत पाऊण युरोच्या आत मिळतं. म्हणजे रोजच्या वापराच्या दृष्टीने एक युरो तीस रुपयांच्या आतच बसतो. पण या आकड्यावर खूश होऊन कर्ज काढू नका. कर्ज बाजारभावानेच फेडावं लागतं. बँकेचा मॅनेजर पीपीपी ऐकून घेत नाही!

हिशोब तिसरा : आपल्या वेळेचा

हा हिशोब कोणीच करत नाही. आपण मेसला रोज शिव्या देतो. महिन्याचे ४,००० रुपये म्हणजे वरच्या हिशोबाने जवळपास ४२ तासांची कमाई. दादाचा किराणा २०० युरोचा, म्हणजे १४ तासांची कमाई. मग तिथलं जेवण तिप्पट स्वस्त झालं का? नाही. बाजारहाट, स्वयंपाक, भांडी मिळून त्याचा रोजचा एक तास जातो. महिन्याचे ३० तास. १४ आणि ३० म्हणजे ४४. बरोबरी झाली की! फरक एवढाच की इथे मेसचे मावशी-काका आपल्यासाठी राबतात आणि तिथे आपणच आपले मावशी. जायच्या आधी कुकर लावता आला पाहिजे, हा विनोद नाही, बजेटचा भाग आहे.

दादाच्या वहीतला एक महिना

- हॉस्टेलची खोली, हीटिंगसह : ३५० युरो
- आरोग्य विमा : १४५
- किराणा : २००
- सेमिस्टरची वर्गणी (प्रवासाच्या पाससकट), महिन्याला : ५५
- मोबाईल : १०
- रेडिओ-टीव्ही कर, तिघांत वाटून : ६
- कपडे, औषधं, किरकोळ : ९०

एकूण ८५६ युरो. हे एका माणसाचं, एका शहराचं आणि हॉस्टेलमध्ये जागा मिळाली म्हणून. म्युनिकसारख्या शहरात भाड्याचा आकडा कुठल्या कुठे जातो. यातला रेडिओ-टीव्ही कर ऐकून आम्ही घरी हसलो होतो, पण तो प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो असतो. टीव्ही नसला तरी!

आता कमाईची बाजू. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यातल्या मिनीजॉबची मर्यादा २०२६ मध्ये महिना ६०३ युरो आहे, म्हणजे आठवड्याला साधारण दहा तास. ८५६ मधून ६०३ गेले, राहिले २५३. म्हणजे काम मिळालं तरी घरून महिन्याला पंचवीस हजार लागणारच. आणि जर्मन येत नसेल तर काम मिळायलाच वेळ लागतो. दादाला पहिलं काम सातव्या महिन्यात मिळालं.

वहीत न मावणाऱ्या गोष्टी

घर शोधताना भाडं "कोरडं" की हीटिंगसकट ते विचारा. नुसत्या 'काल्टमीटं'वर भाळलात तर थंडीत बिल बघून घाम फुटेल. डिपॉझिट कोरड्या भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत मागता येतं. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच दूध-भाजी आणायची. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली मशीनमध्ये परत टाकली की पैसे परत. नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं. रात्री दहानंतर आवाज नको, तेव्हा बर्थडेला बादल्या वाजवायची आपली परंपरा इथेच सोडून जा. आणि डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो. दादा म्हणतो, "पैशाचं कसंतरी जमतं रे, पण त्या अंधारात एकट्याने जेवायचं जमायला वर्ष लागलं."

दादा आता व्यवस्थित जेवतो. त्याने सोपा नियम केला आहे. घरून आलेल्या पैशाला गुणिले शंभर, स्वतःच्या कमाईला तास. आणि भाजी, औषध, गरम कपडे या तीन गोष्टींना कुठलाच गुणाकार नाही.

मी काय ठरवलं? याच वहीवरून, यंदा अर्ज करायचा नाही. एका घरावर दोन कर्जं बसत नाहीत. दोन वर्षं नोकरी, सोबत जर्मन भाषा, आणि मग निम्मे पैसे स्वतःचे घालून अर्ज. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, असावंही. फक्त ते मेसच्या टेबलावर ठरवू नका. एक वही घ्या, तीन रकाने आखा आणि एकदा आईबाबांना शेजारी बसवून भरा.