शस्त्रक्रियेपूर्वी ‘उपाशी’ म्हणजे काय?

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आमच्या परिचारिका प्रत्येक रुग्णास विचारतात, “काही खाल्लं-प्यायलंत का?” उत्तर बहुधा “नाही” असे येते आणि मागाहून हळूच पुस्ती जोडली जाते, “फक्त अर्धा कप चहा घेतला.” कोणी साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात, उपवासाला ती चालतेच, ही त्यांची प्रामाणिक समजूत असते. अशा वेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. परगावाहून आलेल्या कुटुंबाचा दिवस व मजुरी बुडते आणि मनस्ताप होतो तो वेगळाच. म्हणून या नियमामागील कारण येथे देत आहोत.

आपण जागे असताना अन्नाचा कण श्वासनलिकेकडे गेला, तर ठसका लागून तो बाहेर फेकला जातो. संपूर्ण भूल दिल्यावर हे संरक्षण नाहीसे होते. अन्ननलिका व जठर यांच्यामधील झडपेसारखा स्नायूही सैल पडतो. पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरू शकते. घन अन्नाने श्वासमार्ग बंद होतो, तर जठरातील आम्लाने फुप्फुसांस गंभीर इजा होते. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांमधील हा धोका १९४६ साली सविस्तर मांडला.

पुढे ‘मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही नको’ असा सरसकट नियम रूढ झाला. तथापि पाणी जठरातून लवकर पुढे सरकते, हे स्पष्ट झाल्यावर तो शिथिल करण्यात आला. आता सर्वसाधारणपणे भूल देण्यापूर्वी तळलेले अथवा जड जेवण ८ तास, हलका आहार व गाई-म्हशीचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास आणि साधे पाणी २ तास आधी थांबवितात. दुधाचा चहा दुधातच मोडतो, पाण्यात नव्हे. गर्भवती, मधुमेही व तातडीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण यांच्याबाबत, तसेच नेहमीच्या गोळ्यांबाबत, भूलतज्ज्ञ सांगतील तेच प्रमाण मानावे.

या गैरसमजाचा दोष केवळ रुग्णांचा नाही. ‘उपाशी या’ एवढेच सांगून आम्हीही मोकळे होत असू. त्यामुळे काही जण चहा पिऊन येत, तर काही जण तान्ह्या बाळालाही रात्रभर पाण्याविना ठेवीत. गरजेपेक्षा अधिक काळ उपाशी राहणेही, विशेषतः बालकांस व वृद्धांस, हितावह नसते. म्हणून आता आम्ही रुग्णाच्या हाती देण्याच्या पत्रकावर ‘उपाशी’ हा शब्द न वापरता शेवटचे जेवण, दूध आणि पाणी यांची घड्याळातील वेळ लिहून देतो.

नातेवाइकांस एकच विनंती. मुलाच्या रडण्याने कळवळून आजीने एखादे बिस्कीट दिले असेल, तर ते लपवू नका. आमच्याकडे कोणी रागावणार नाही. पुढे ढकललेली शस्त्रक्रिया पुन्हा ठरविता येते. लपविलेल्या घासाची किंमत मात्र रुग्णाला मोजावी लागते.