चंद्रीचा पाय

नागपूरच्या पूर्व भागात लकडगंज नावाची वस्ती आहे. नावाप्रमाणेच ती लाकडाच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध आहे. सागवानी ओंडक्यांचे ढीग, आरागिरण्यांची घरघर आणि ताज्या भुशाचा वास ही तेथील ओळख. शहरात टांगे धावत असत त्या काळी, १९६० च्या सुमारास, तेथील एका वखारीशेजारी एक वृद्ध नालबंद आपली ऐरण मांडून बसे.

नालबंदाचा धंदा फार जुना. मराठ्यांच्या राज्यात मोहिमेपूर्वी शिलेदारांना आगाऊ रक्कम मिळे. तिला ‘नालबंदी’ असेच नाव होते. घोड्याचा पाय धड असेल तरच स्वार पुढे जाणार, हे त्या काळचे लोक जाणून होते.

एके सकाळी एक टांगेवाला आपली चंद्री नावाची घोडी घेऊन नालबंदाकडे आला. बरोबर त्याचा बारा वर्षांचा मुलगा होता. चंद्रीच्या मागच्या पायांचे नाल झिजून पातळ झाले होते. नवे नाल बसल्यावाचून टांगा जुंपता येत नव्हता आणि टांगा जुंपल्यावाचून घरची चूल पेटत नव्हती.

नालबंदाने चंद्रीचा डावा पाय उचलला. तिने तो हिसकून घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर तिने लाथ झाडली. टांगेवाला संतापून म्हणाला, “अलीकडे ही फार अडेल झाली आहे!” आणि त्याने चाबूक उगारला. मुलाचे डोळे भरून आले.

“थांबा, मारू नका,” नालबंद शांतपणे म्हणाला. “घोड्याला वाचा नाही. तो पायाने बोलतो. आधी ही काय सांगते ते ऐकू या.”

त्याने चंद्रीला चार पावले चालवून पाहिले. मग तिच्या मागच्या पायाच्या सांध्यावरून हळूच हात फिरविला. सांधा सुजला होता. “वय झाले की माणसाचे गुडघे धरतात, तसे हिचे सांधे धरले आहेत. पाय उंच उचलला की कळ येते. शिवाय सारा भार दुसऱ्या दुखऱ्या पायावर पडतो.”

“पण चाचा, खिळ्यांनी तिला दुखत नाही का?” मुलाने विचारले.

“नाही, बेटा. खुराचे बाहेरचे कवच आपल्या नखासारखे असते. ते दरमहा सुमारे एक सेंटिमीटर वाढते. खिळा त्या कवचातूनच तिरपा बाहेर काढावा लागतो. तो आतल्या जिवंत भागात शिरला, तर मात्र घोडा लंगडतो. आणि एक ध्यानात ठेव. घोडा पळून आपला जीव वाचवितो. पाय धरला की त्याची पळण्याची वाट बंद होते. त्यात ही आरागिरणीची कर्कश घरघर! मग तो घाबरणार नाही तर काय?”

नालबंदाने चंद्रीला गिरणीपासून दूर, निंबाच्या सावलीत, सपाट जमिनीवर नेले. मुलगा तिच्या मानेजवळ उभा राहून तिला थोपटू लागला व डहाळीने माश्या वारू लागला. नालबंद तिच्या खांद्यापासून हात फिरवीत मागे गेला. त्याने पाय बाजूला ओढला नाही. जमिनीपासून वीतभरच उचलला. दोन खिळे ठोकले की तो पाय खाली ठेवी व तिला विसावा देई. कामाला दुप्पट वेळ लागला. पण चंद्रीने पुन्हा लाथ झाडली नाही.

“आता हिला पशुवैद्याला दाखवा,” नालबंद म्हणाला. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्येच सुरू झाले होते. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदाही आपल्या देशात १९६० मध्ये झाला. परंतु उगारलेला चाबूक त्या सकाळी कायद्याने नव्हे, तर एका वृद्धाच्या समजुतीने थांबविला होता.

त्या दिवशी टांगेवाल्याच्या सकाळच्या सवाऱ्या बुडाल्या. तरी त्याची तक्रार नव्हती. घरी जाताना तो टांग्यात बसला नाही. चंद्रीचा लगाम धरून तिच्या बरोबरीने पायी चालत गेला.

स्वाध्याय

१. चंद्री पाय का हिसकून घेत होती? दोन कारणे लिहा.
२. तिचा त्रास कमी करण्यासाठी नालबंदाने काय काय केले?
३. ‘घोडा पायाने बोलतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.