मोठ्याने वाचा

तिलिस्म, जादू आणि अय्यार यांच्या गोष्टी तुम्ही घरी ऐकल्या असतील. मराठीतही अशी अद्भुत पुस्तके आहेत. नाथमाधवांची 'वीरधवल' ही कादंबरी १९१३ सालची. ती मनात वाचू नका. रोज दोनच पाने धाकट्या भावाला मोठ्याने वाचून दाखवा.

भाषा जुनी आहे. जोडाक्षरांवर जीभ अडखळेल, अडखळू द्या. खजिना, मशाल, दरवाजा हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच. कुलूप म्हणजे आपला कुफ्ल! पण कधी कधी ओळखीचे शब्दच फसवतात. समजा, वाक्य आले, 'राजपुत्र भुयारात खाली उतरला.' भाऊ लगेच विचारील, "भुयार खाली होते, मग राजपुत्र तिथे कसा?" उर्दूत खाली म्हणजे रिकामे. मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. तसेच 'आई'. उर्दूत 'आई' म्हणजे आली, मराठीत मात्र अम्मी! मनात वाचले असते, तर ही चूक कोणाला कळली असती?

ऐन संकटाच्या जागी पुस्तक मिटा. विचारा, "आता काय होईल?" उत्तर मोडक्यातोडक्या मराठीत आले, तरी हसू नका.

दादीलाही जवळ बसवा. तिला मराठी वाचता येत नसेल, पण तिलिस्म कसे तोडतात, ते तिलाच विचारा.