पाच माणसे आणि एक जन्मतारीख

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला सहा आठवडे एखाद्या कचेरीत प्रत्यक्ष काम करून यावे लागते. मी पुण्यातल्या एका लहानशा कचेरीत गेले. रंग ठरवायला मिळतील, अक्षरे निवडायला मिळतील, अशा थाटात गेले होते. पहिला आठवडा दुसऱ्यांनी काढलेली बटणे एका मापाची करण्यात गेला. नंतर एका पतसंस्थेच्या संकेतस्थळासाठी खाते उघडण्याचा मराठी अर्ज माझ्याकडे आला. तो मी जीव ओतून केला. तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या, "आता पाच माणसे बोलाव. ती अर्ज भरतील. तू शेजारी बसायचे आणि बोलायचे नाही."

हीच वापरचाचणी. यात मत विचारायचे नसते. "कसे वाटले?" म्हटले की आपल्याकडची माणसे "छान आहे हो" म्हणणारच! माणसाला एक काम द्यायचे, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगायचे आणि टिपून घ्यायचे. या पद्धतीवर क्लेटन लुईस यांनी १९८२ साली आयबीएममध्ये लिहिले होते. काम सांगताना पडद्यावरचा शब्द उच्चारायचा नाही, हे पथ्य. "'नवीन खाते' दाबा" म्हटले तर परीक्षा कसली? "तुम्हाला इथे पैसे ठेवायचे आहेत, सुरुवात करा," एवढेच म्हणायचे.

पाचच माणसे का? जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉर यांनी १९९३ साली हिशेब मांडला होता. एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात असे धरले, तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के हाती येतात. २००१ साली जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी मोठ्या खरेदी-स्थळांवर पाहिले, तर पहिल्या पाच माणसांत जेमतेम ३५ टक्के! माझा अर्ज दोन पानांचा; त्याला पाच पुरेशी होती. खरे म्हणजे मला एकच पुरली.

त्या आमच्या गल्लीतल्या काकू. नाव-पत्ता आम्ही खोटाच लिहून दिला होता, जन्मतारीख मात्र त्यांची स्वतःची, १९५८ सालची. त्या रकान्यावर बोट ठेवताच चालू महिन्याचे कॅलेंडर उघडले. मागे जायला एक बाण. एकदा दाबला की एक महिना मागे. काकू दाबू लागल्या. १९५८ गाठायला सातशेहून जास्त वेळा दाबावे लागले असते. वरच्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवले की वर्षांची यादी उघडते, हे मला ठाऊक होते, कारण ते मीच काढले होते. थोड्या वेळाने काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "मलाच जमत नाही गं. तुझा वेळ गेला उगाच."

मला राहवले नाही. "काकू, वर्षावर दाबा ना!" म्हणून गेले. मॅडमनी नुसते पाहिले. त्या रकान्याची चाचणी तिथेच बाद झाली.

संध्याकाळी अहवालात मी लिहिले, "वापरणाऱ्या व्यक्तीस वर्ष निवडता आले नाही." मॅडमनी वाक्य खोडले आणि विचारले, "कोणाला काय आले नाही?" कामाच्या शेऱ्याचे कागद त्याच अहवालावर भरले जाणार होते. आपल्याच रेखाटनावर आपल्याच हाताने दोष लिहायचा म्हणजे पोटात गोळाच आला. रात्री दोनदा लिहून पाहिले. शेवटी लिहिले, "वर्ष बदलण्याची सोय दिसत नाही. रेखाटनातील दोष."

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर काढून टाकले आणि दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने केले. उरलेल्या चौघांपैकी कोणीही तिथे अडले नाही.

अडले ते पुढे, मोबाइल क्रमांकाशी! दोघांनी मराठी कळफलकावरून ९, ८, ७ असे आकडे टाकले आणि पडद्यावर आले, "क्रमांक अवैध." युनिकोडमध्ये देवनागरी आकड्यांना स्वतंत्र संकेत आहेत, अर्ज तपासणारी आज्ञावली फक्त इंग्रजी आकडे ओळखत होती. मराठी अर्ज आणि मराठी आकडे चुकीचे! आत शिरताच ते बदलून घेणे अवघड नाही, पण ते काम आज्ञावली लिहिणाऱ्यांचे. अहवालात मी ते पहिल्या क्रमांकावर घातले.

माझे सहा आठवडे संपले तेव्हा ते काम व्हायचे होते. काकूंना मी घरी जाऊन सांगितले, की चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "असू दे गं," आणि चहाला बसवले.