संगणकातील संगणक आणि अडखळणारे चित्र

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा हा छत्तीसगडच्या सीमेलगतचा वनाच्छादित तालुका होय. येथील अनेक मुलांची घरची भाषा गोंडी, तर पाठ्यपुस्तकाची भाषा मराठी. अशा वर्गात चित्रफितीला विशेष मोल असते. ओठांची हालचाल आणि उच्चार यांचा मेळ चुकला, की नवा शब्द मुलांच्या हाती लागत नाही.

शाळेतील एकाच संगणकावर विंडोजबरोबर सी-डॅकची 'बॉस' लिनक्स शिकवावयाची असेल, तर व्हर्च्युअल मशीन हा सोयीचा मार्ग आहे. संगणकाच्या पोटात दुसरा, केवळ आज्ञावलींनी उभा केलेला संगणक चालतो; बाहेरचा यजमान, आतला पाहुणा. लेखन, हिशेब यांत पाहुणा कमी पडत नाही. चित्रफीत लावताच मात्र तो अडखळतो.

कारण समजण्यासारखे आहे. चित्रफीत दाबून साठवलेली असते. ती उलगडण्यासाठी यजमानाच्या ग्राफिक्स चिपमध्ये खास मंडल असते; पाहुण्याला ते सहसा मिळत नाही आणि सारा भार प्रोसेसरवर पडतो. 1920 गुणिले 1080 बिंदूंचे एक चित्र उलगडल्यावर सुमारे 8.3 एमबी भरते. सेकंदाला 25 चित्रे म्हणजे 200 एमबींहून अधिक मजकूर, आणि प्रत्येक चित्रास अवघे 40 मिलिसेकंद! दरेकशाजवळच्या हाजरा धबधब्याची चित्रफीत स्थिर फळ्याच्या चित्रफितीपेक्षा जड जाते, ती याचमुळे. कोसळणारे पाणी प्रत्येक चित्रात बदलते. मागील चित्रातील फारसे काही पुन्हा वापरता येत नाही.

उपायाचा आरंभ बायोसमधून करावा. इंटेलची व्हीटी-एक्स किंवा एएमडीची एएमडी-व्ही ही सोय तेथे बंद असल्यास ती सुरू करावी. व्हर्च्युअलबॉक्स वापरात असेल, तर पाहुण्यात 'गेस्ट ॲडिशन्स' बसवावे, चित्रस्मृती 128 एमबीपर्यंत वाढवावी आणि त्रिमितीय प्रवेग सुरू करून पाहावा. चित्र अधिकच बिघडल्यास तो बंद करावा. प्रोसेसरचे चार गाभे असतील, तर दोन पाहुण्यास पुरेत. सगळेच देऊन टाकल्यास यजमान उपाशी राहतो आणि दोघेही अडतात. येथे सढळ हात अपायकारकच.

याहून मोठा लाभ चित्रफितीचा आकार घटविण्यात आहे. 1280 गुणिले 720 बिंदूंच्या फितीत बिंदू निम्म्याहूनही कमी असतात आणि वर्गातील पडद्यावर तो फरक फारसा जाणवत नाही. एव्ही1 या नव्या पद्धतीपेक्षा जुनी एच.264 पद्धत उलगडण्यास हलकी पडते.

ग्रामपंचायतीपुढे नव्या संगणकाची मागणी आल्यास सदस्यांनी एक साधी पारख करून पाहावी. तीच फीत यजमानात, व्हर्च्युअल मशीनबाहेर, लावावी. तेथे ती सुरळीत चालली, तर संगणक धडधाकट आहे. पाहुण्यात लिनक्सचा पाठ चालू ठेवून चित्रफीत यजमानाच्या खिडकीत दाखविली, तर खर्च शून्य. दोन्हीकडे ती अडखळली, तर रॅम किती आहे ते तपासावे. 4 जीबीत दोन प्रणालींचा संसार कठीण असतो, आणि रॅमची पट्टी नव्या संगणकाहून पुष्कळ स्वस्त पडते.