घरगुती गॅसचा दाब : समज आणि सुरक्षितता

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे गॅसची शेगडी मंद जळू लागली, की कोणी सिलिंडर गरम पाण्यात ठेवतो, तर कोणी रेग्युलेटर उघडू पाहतो. हे दोन्ही उपाय जिवावर बेतणारे आहेत.

सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन या वायूंचे द्रवरूप मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते, तर ब्युटेन शून्याच्या आसपास. सिलिंडर संपत आला, की त्यात प्रामुख्याने ब्युटेन उरते आणि थंडीत त्याची वाफ सावकाश होते. ज्योत मंदावण्याचे हे एक कारण होय. मात्र सिलिंडर तापविल्यास आतील दाब झपाट्याने वाढतो.

हा दाब उतरवून शेगडीला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम इतकाच ठेवणे, हे रेग्युलेटरचे काम. तो कारखान्यातच ठरविलेला असतो. ग्राहकाने त्यात फेरफार करावयाचा नसतो. समारंभाच्या मोठ्या भट्ट्यांचा जादा दाबाचा रेग्युलेटर घरी कदापि जोडू नये.

ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी होऊन भांडी काळी पडू लागल्यास बर्नरची छिद्रे स्वच्छ करावीत. दोष कायम राहिल्यास वितरकाकडील तंत्रज्ञास बोलवावे. सांध्यातून गळती होते काय, हे साबणाच्या फेसाने पाहावे. काडी पेटवून नव्हे. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो.

नाशिक शहरात आता नळाद्वारेही नैसर्गिक वायू पुरविला जातो. समान घनफळात त्याची उष्णता सिलिंडरच्या वायूच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणून त्यासाठी शेगडीचे जेट मोठे बसवावे लागते. अशी शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडल्यास ज्योत धोकादायकरीत्या भडकते. हा बदल तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा.

शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत साबणाच्या फेसाची ही साधी चाचणी करून दाखविल्यास अनेक घरांतील संभाव्य दुर्घटना टळू शकतील.